अबोल्याचा ठेका

सभागृहात आपलं नाव पुकारलं गेलं तेव्हा उज्ज्वला आवटीला आधी वाटलं, लॅबमध्ये काहीतरी फुटलं असणार. कुपवाड एमआयडीसीतल्या ‘निर्झरा फ्लुइड्स’मध्ये क्वालिटीच्या बाईची आठवण लोकांना एरवी कशाला येते? सलाईनच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिची सगळी नोकरी ‘ही बॅच थांबवा’ एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या माणसांना सांगण्यात गेली होती. असलं वाक्य बोलणाऱ्या बाईला स्टेजवर बोलावून कुणी पुष्पगुच्छ देत नाही.

पण पुष्पगुच्छच होता. तो घेऊन ऋत्विज पेठे उभा होता. पुण्याहून आलेला, तिशीतला, सदा हसतमुख. त्याच्या केबिनच्या दारावर ‘कर्मचारी आनंद प्रमुख’ अशी पाटी होती. आनंद प्रमुख म्हणे! कारखान्यात पगारपत्रकापेक्षा मोठा आनंद कुणी पाहिला होता?

“आणि आपल्या कंपनीतली सर्वाधिक सुसंवादी जोडी आहे,” ऋत्विज माइकमध्ये गरजला, “क्वालिटीच्या उज्ज्वला आवटी मॅडम आणि प्रॉडक्शनचे बाबगोंडा मगदूम सर!”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खं सभागृह हसायला लागलं. कारण आवटी मॅडम आणि मगदूमसाहेब गेली नऊ वर्षं एकमेकांशी एक अक्षरही बोललेले नाहीत, हे तिथं गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आनंद प्रमुखाला.

दोघं स्टेजवर गेले. गुच्छ एक आणि माणसं दोन. मगदूमनं डावीकडून दांडा धरला, उज्ज्वलानं उजवीकडून, आणि दोघांनी दोन दिशांना तोंडं करून फोटो काढून घेतला.

आता हा अबोला चालायचा कसा, ते सांगायला हवं. एकाच कारखान्यातली दोन खाती, रोजची शंभर कामं, बोलल्याशिवाय भागणार कसं? तर मध्ये रेश्मा मुजावर होती. लॅबमधली केमिस्ट, तोंडानं फटकळ, मनानं लख्ख. मगदूम समोर हाताच्या अंतरावर उभा असला तरी उज्ज्वला म्हणायची, “रेश्मा, सांग त्यांना, टाकीतलं पाणी पुन्हा तपासल्याशिवाय भरणी सुरू करायची नाही.”

मगदूम भिंतीकडे बघत म्हणायचा, “रेश्मा, त्यांना म्हणावं, पाणी सकाळीच तपासलंय.”

“मॅडम, सकाळीच तपासलंय म्हणतात.”

“मला ऐकू आलं गं. सांग, पुन्हा तपासा.”

“सर, पुन्हा तपासा म्हणतात.”

“मलाबी कान हायेत,” मगदूम पुटपुटायचा आणि पाणी पुन्हा तपासायचा. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, या दोघांच्या भाषा वेगळ्या आहेत आणि रेश्मा दुभाषी आहे.

सोहळा आटोपताच उज्ज्वला तडक ऋत्विजच्या केबिनमध्ये शिरली. कंपनीनं सगळ्यांच्या मनगटावर चढवलेलं नाडी मोजायचं कडं काढून तिनं त्याच्या टेबलावर आपटलं.

“हे तुमचं यंत्र बिघडलंय.”

“का हो मॅडम? काय झालं?”

“आम्ही बोलत नाही एकमेकांशी! नऊ वर्षं! तुमच्या यंत्राला एवढंही कळत नाही?”

ऋत्विजचा चेहरा उजळला. “काय सांगता? म्हणजे शब्दांच्याही पलीकडचा संवाद!”

“पलीकडचा नाही आणि अलीकडचा नाही. संवादच नाही.”

“मॅडम, तुमचा मेळ शंभरात सत्त्याण्णव आहे. माझा आणि माझ्या बायकोचा एक्केचाळीस आलाय. आकडा खोटं बोलत नाही.”

“मग बायकोशी बोला जरा!” म्हणत ती बाहेर पडली. कडं मात्र परत घालावं लागलं, कारण त्याच्याशिवाय कारखान्याचं दार उघडत नव्हतं.

खरी चीड अशी, की कड्यामागचं विज्ञान खोटं नव्हतं. खोटं असतं तर उज्ज्वलानं एका दुपारीत त्याच्या चिंध्या केल्या असत्या. तिनं कड्याचं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. माणसाचं काळीज काही एकसारख्या वेगानं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात, आणि मन कशात गुंतलंय त्यावर हा चढउतार बदलत राहतो. दोन माणसं एकमेकांकडे खरोखर लक्ष देऊ लागली, की दोघांचे चढउतार एकमेकांना धरून चालतात. दोन बायका चादरीची घडी घालतात तेव्हा कुणी ‘एक, दोन, तीन’ म्हणत नाही, तरी दोघींचे हात एकदमच वर जातात ना, तसंच. कडं नाडी, श्वासाची लय आणि कातडीवरचा घाम टिपायचं, कारखान्यातल्या प्रत्येकाची लय दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघायचं आणि त्यावरून मेळाचा आकडा काढायचं. आकडा मोठा असेल तिथं आपुलकी आहे आणि आपुलकी असेल तर माणूस नोकरी सोडून जाणार नाही, असं कडं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

पण लक्ष आहे एवढंच कड्याला कळायचं. ते मायेपोटी आहे की रागापोटी, हे ओळखायची सोय त्यात नव्हती. आणि ज्या माणसाशी अबोला धरलाय त्याच्यावर जितकं लक्ष असतं, तितकं लग्नाच्या नवऱ्यावरही नसतं हो! मगदूम जिना चढताना उजव्या पायावर जोर देतो, त्याला खोकला आला की ऑटोक्लेव्हच्या दारात काहीतरी अडलेलं असतं, तो चष्मा पुसायला लागला की त्याला आपली चूक कळलेली असते, हे सगळं उज्ज्वलाला पाठ होतं. त्याच्याकडे न बघता पाठ होतं. सत्त्याण्णव आकडा बरोबर होता, आणि म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघं एकाच दिवशी ट्रेनी म्हणून लागलेले. त्याच्या डब्यातली कडक भाकरी तिची, तिच्या डब्यातलं लोणचं त्याचं, असा रिवाज होता. मग ती बॅच आली. काळ्या-पांढऱ्या पाटीसमोर बाटली धरून बघताना उज्ज्वलाला आत बारीक कण तरंगताना दिसले. कागद पाठवायला वेळ नव्हता, म्हणून तिनं फोन केला. “बाबगोंडा, थांबव.” तो ‘बरं’ म्हणाला. पण ट्रक दारात उभा होता, वरून घाई होती, त्यानं माल सोडला. नशीब, बाटल्या वापरण्याआधीच एका दवाखान्यातल्या नर्सच्या लक्षात आलं आणि सगळा माल परत आला. एमडी विश्वासरावांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, “क्वालिटीनं थांबवलं का नाही?” उज्ज्वला म्हणाली, “मी थांबवायला सांगितलं होतं.” विश्वासरावांनी मगदूमकडे पाहिलं. मगदूमनं नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. मान खाली घालून तो बशीतलं बिस्कीट मोडत बसला.

प्लांट हेडच्या खुर्चीसाठी तिचं नाव जवळजवळ पक्कं झालेलं होतं. ते गेलं. पण खुर्चीपेक्षा तिला लागलं ते त्याचं गप्प बसणं. एक वाक्य बोलायचं होतं मेल्याला! ‘तिनं सांगितलं होतं.’ संपलं. तेवढंही तोंडातून निघालं नाही. तुला गप्पच बसायचंय ना, मग बस, म्हणून तिनं त्या दिवसापासून तोंड फिरवलं. मनात मात्र रोज वाट बघितली, की आज येईल आणि ते वाक्य बोलेल. तो आला नाही. आता या महिनाअखेरीला तो रिटायर होणार होता, आणि वाक्य अजून त्याच्या पोटातच होतं.

पुष्पगुच्छावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आनंद प्रमुखाच्या डोक्यात दुसरा टप्पा शिजत होता.

कड्याला टिपण्याबरोबर टकटक करताही यायचं. कातडीवर अगदी हलकी थाप, कामाच्या नादात कळणारही नाही इतकी. अशी थाप सतत पडत राहिली की शरीर आपसूक तिच्या मागे जातं. आधी श्वास तिच्या चालीला लागतो, मग श्वासामागून काळीज. म्हणजे एका चांगल्या जोडीची लय घ्यायची आणि तीच सगळ्यांच्या मनगटावर वाजवायची, की अख्खा कारखाना त्या जोडीसारखा एकजीव होणार. ऋत्विज या लयीला ‘मूळ ठेका’ म्हणायचा. ती घ्यायची कुणाची? अर्थात सत्त्याण्णववाल्यांची. मगदूम आणि आवटी यांची.

“अहो, ती भांडणाची लय आहे!” उज्ज्वलानं जीव तोडून सांगितलं.

“मॅडम, तुम्ही फार विनयशील आहात,” ऋत्विज म्हणाला.

भिंतीवर डोकं आपटावं असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

ठेका सुरू झाला आणि पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. बाद होणाऱ्या बाटल्या घटल्या. गैरहजेरी संपली. जो तो दुसऱ्याच्या कामावर घारीसारखी नजर ठेवायला लागला, त्यामुळं चुका जागच्या जागी सापडायला लागल्या. विश्वासराव खूश, ऋत्विज तर हवेत. त्याच्या पडद्यावर कारखाना हिरवागार दिसत होता.

फक्त बोलणं बंद झालं. आधी कँटीनमध्ये. रोज जिथं कानठळ्या बसायच्या, तिथं आता चमचे ताटलीवर लागल्याचं ऐकू यायला लागलं. मग पॅकिंगमध्ये शेजारी शेजारी बसणाऱ्या नणंद-भावजयांनी मध्ये खोक्यांची भिंत रचली. वॉचमन ड्रायव्हरशी बोलेना. गाडी आली की तो फाटकाला उद्देशून म्हणायचा, “विचार त्यांना, पास आहे का.” युनियनचा सेक्रेटरी मागण्या घेऊन गेला तो विश्वासरावांच्या पीएच्या टेबलाशी बसून राहिला, आणि दोघंही आपापल्या बाजूनं पीएला सांगत राहिले. अख्ख्या कारखान्याला रुसवा चढला होता. त्यात गंमत अशी, की शरीर आधी रुसायचं आणि मन मागाहून कारण शोधून आणायचं. कारणांना काय तोटा आहे? कुणी कधी लग्नाला आलं नव्हतं, कुणी उसना घेतलेला डबा झाकणाशिवाय परत केला होता. सगळं उकरून निघालं.

एका सकाळी उज्ज्वला म्हणाली, “रेश्मा, सांग त्यांना, कालच्या बॅचचा तक्ता पाठवा.”

रेश्मा जागची हलली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिली.

“रेश्मा, काय म्हणतेय मी?”

रेश्मानं लॅबच्या फ्रिजकडे तोंड केलं. “मॅडमना म्हणावं, ईदला मी बिर्याणी आणली होती. डबा न उघडता परत दिला. तक्ता त्यांचा त्यांनी मागावा.”

“अगं, मला त्या दिवशी पित्त झालं होतं!”

रेश्मा फ्रिजचं दार उघडून आतले नमुने मोजायला लागली. उज्ज्वला खुर्चीत मटकन बसली. नऊ वर्षांत इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. आता त्या माणसाकडे निरोप न्यायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि तो आठवड्याभरात जाणार होता.

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी सकाळी ऋत्विजनं तिला बोलावलं. टेबलावर एक करार होता.

“मॅडम, अडचण एवढीच आहे, की सर आज रिटायर होतायत. ते गेले की मूळ ठेका कुठून येणार? साठवलेली लय आम्ही वाजवून बघितली. शरीराला जिवंत आणि शिळं बरोबर कळतं, दोन दिवसांत परिणाम उतरतो. म्हणून एमडी साहेबांनी मार्ग काढलाय. सर उद्यापासून सल्लागार. रोज यायचं. तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी काचेच्या दोन केबिन बांधतोय, समोरासमोर. त्यांना काम काही नाही. फक्त…”

“फक्त काय?”

“फक्त एकमेकांशी बोलायचं नाही. कधीच. तेवढं एकच कलम आहे. बोललं की श्वास बदलतो आणि लय मोडते.”

या पोराला एक ठेवून द्यावी की त्याची कीव करावी, तिला कळेना.

“आणि याच्या बदल्यात,” ऋत्विज आवाज खाली आणून म्हणाला, “प्लांट हेड तुम्ही. साहेबांनी स्वतः सांगितलंय.”

खोटं कशाला बोला, तिचे डोळे लकाकले. ती खुर्ची तिला हवी होती. तिच्या हक्काची होती. रिटायर व्हायच्या आत दारावर एकदा ती पाटी बघायची, ही इच्छा तिनं कुणालाही कळू न देता जपून ठेवली होती. पण किंमत काय, तर ज्या एका वाक्यासाठी हा सगळा अबोला धरला ते कधीच ऐकायचं नाही.

“मगदूम तयार होणार नाहीत,” ती म्हणाली.

“सरांची सही कालच झाली,” ऋत्विज म्हणाला.

ती उठली आणि तडक ऑटोक्लेव्हच्या हॉलमध्ये गेली. बाटल्यांचं निर्जंतुकीकरण करणारं ते खोलीएवढं यंत्र वाफ सोडत उभं होतं आणि मगदूम शेवटचं म्हणून त्याच्या काट्यांवरून नजर फिरवत होता. गळ्यात हार पडायचे होते म्हणून आज इस्त्रीचा सदरा. आजूबाजूला ऑपरेटर होते, पण ते एकमेकांकडे पाठी करून उभे. निरोप न्यायला कुणी नाही. थेट बोलायचं तर जीभ उचलेना. नऊ वर्षांची सवय अशी सुटते होय? शेवटी ती ऑटोक्लेव्हलाच म्हणाली, “ए, विचार त्यांना, सही का केली?”

मगदूम दचकला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि तोही यंत्राकडे वळला. “तिला सांग, तिच्यासाठी केली.”

“विचार, माझ्यासाठी म्हणजे काय?”

“सांग, तिचं पद माझ्यामुळं गेलं होतं. सही केली की तिला ते मिळतंय. मग मी काय, बसंन काचंत. एवढं तर करू शकतो मी.”

वाफेचा फुस्स आवाज झाला. उज्ज्वलाच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ती गर्रकन त्याच्याकडे वळली.

“म्हणजे तुला माहीत होतं!”

मगदूमनं चष्मा काढला. “माहीत नसायला काय झालं?”

“नऊ वर्षं माहीत होतं? आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस?”

“तू बोलायची बंद झालीस. मग मी कुणाला सांगणार?”

“कुणाला म्हणजे? सगळ्यांना! विश्वासरावांना सांगायचं होतं! गावभर सांगायचं होतं!” तिचा आवाज चढला, आणि तो चढतोय याची तिला फिकीर राहिली नाही. “आणि आता भरपाई कशी करतोस, तर परत गप्प बसून! गप्प बसलास म्हणून माझं गेलं, आणि ते परत द्यायला मरेपर्यंत गप्प बसायचा करार करून आलास! अरे, तुला दुसरं काही येतं का नाही रे?”

दोघांच्या मनगटावरची कडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. कोपऱ्यातले ऑपरेटर वळून बघायला लागले.

“मग काय करू मी?” मगदूम कळवळून म्हणाला.

“बोल! त्या दिवशी बोलायचं होतंस ते बोल.”

“तुला? तुला तर ठाऊकच हाय.”

“मला नव्हे. सगळ्यांसमोर. आज निरोप समारंभात माइक तुझ्याच हातात असणार आहे ना? त्यात बोल.”

“उज्ज्वला, तुझं पद जाईल. इतकी वर्षं वाट बघितलीस त्याची.”

तो खरं बोलत होता. काचेच्या केबिनवर आपलं नाव आणि खाली ‘प्लांट हेड’, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं. जाऊ दे म्हणणं सोपं नव्हतं, आणि तिनं ते म्हटलं तेव्हा तिचा आवाज फाटला.

“जाऊ दे.”

एवढ्यात ऋत्विज धावत आला. “मॅडम, सर, काय करताय? अकरा मिनिटांत मेळ साठावर आलाय! संध्याकाळी कड्यावाल्या कंपनीचे पाहुणे येणारेत! प्लीज, आता एक शब्दही बोलू नका.”

दोघं गप्प झाले. ऋत्विजला वाटलं, आपलं ऐकलं. मेळ हळूहळू परत वर सरकला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

समारंभ चारला सुरू झाला. पहिल्या रांगेत पाहुणे, शेजारी विश्वासराव, मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर हिरव्या रंगात दोघांच्या मेळाचा आकडा ‘९५’. शाल झाली, श्रीफळ झालं. भाषणं झाली ती मात्र पडद्याकडे बघून, कारण एकमेकांकडे बघून बोलायला कुणी तयार नव्हतं. ऋत्विजनं मगदूमच्या हाती छापील चार ओळी दिल्या. मगदूमनं त्या घडी करून खिशात ठेवल्या, आणि उज्ज्वलाला वाटलं, संपलं, हा आता नमस्कार करून खाली बसणार.

मगदूम खाकरला.

“मला भाषण येत नाही. एक सांगायचं राहिलंय. मागं एक बॅच परत आली होती, जुन्या माणसांना आठवत असंल. ती उज्ज्वलानं आधीच थांबवायला सांगितली होती. मला फोन केला होता. मी बरं म्हणालो आणि माल सोडला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो. तिचं प्लांट हेडचं पद माझ्यामुळं गेलं. तिची चूक नव्हती. माझी होती.” त्यानं माइक खाली ठेवला, परत उचलला. “आणि आमचा काही मेळबीळ नाही. ती माझ्यावर चिडलेली होती आणि मी तिला भीत होतो. तुमच्या हातात वाजतंय ते हेच.”

पडद्यावरचा आकडा घसरायला लागला. ऐंशी, पन्नास, वीस. शून्यावर येऊन थांबला आणि हिरव्याचा लाल झाला. मूळ ठेकाच मोडला म्हटल्यावर सगळ्यांच्या कड्यांनी वाटेल तशा थापा मारायला सुरुवात केली. लोकांनी वैतागून ती काढून टाकली. आणि मग सभागृहात जो गलका उसळला! नणंद-भावजया हातवारे करत भांडायला लागल्या. युनियनचा सेक्रेटरी विश्वासरावांसमोर जाऊन तोंडावर मागण्या म्हणायला लागला. वॉचमननं ड्रायव्हरची गचांडी धरली आणि पुढच्याच क्षणी दोघं हसायला लागले. रेश्मा गर्दीतून वाट काढत उज्ज्वलासमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, पित्त झालं होतं तर तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

“चुकलं गं बाई माझं. पुन्हा आण.”

“आणते. पण संपवायची.”

ऋत्विज रडकुंडीला येऊन या दोघांपाशी आला. “सर, मॅडम, हात जोडतो, परत रुसा ना! पाहुणे अजून बसलेत!” पाहुणे बसलेले नव्हते. ते केव्हाच उठून गाडीकडे निघाले होते. विश्वासराव त्यांच्या मागे जाता जाता उज्ज्वलापाशी थांबले आणि घुश्शात म्हणाले, “करार रद्द समजा, आवटी. खुर्चीचंही विसरा.” मग, पुढं जाता जाता, “त्या वेळी मी तुमच्यावर अन्याय केला,” हेही ते बोलले, पण मागं वळून न बघता. तिनं दोन्ही ऐकलं.

आता हलकं वाटायला हवं होतं. नऊ वर्षांचं ओझं उतरलं, असं काहीतरी. तसं काही झालं नाही. उलट तो राग, जो इतके दिवस आत घडी घालून ठेवलेला होता, तो उलगडून अख्खा अंगभर पसरला. मगदूम हार, नारळ आणि शाल सांभाळत फाटकाकडे निघाला तशी ती त्याच्या मागोमाग गेली.

“झालं न्हवं?” तो हसून म्हणाला. “बोललो की सगळ्यांसमोर.”

“झालं? कुठं झालं? बोललास काय, चार ओळी! माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा तू दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन परत गेलास, मला कळलं होतं. का गेलास? माझी पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा पेढे रेश्माच्या हातून पाठवलेस. स्वतः यायला पाय मोडले होते? आणि ते बिस्कीट! माझी नोकरी पणाला लागलेली आणि तू बिस्किटाचे तुकडे करतोयस!”

“उज्ज्वला, गाडी थांबलीय गं. घरची सगळी बसलीत आत.”

“बसू दे. उद्या बोलू मग.”

“उद्यापासून मला कोण आत सोडतंय?”

“तर मग मी तुझ्या घरी येते. रविवारी सकाळी. तुझ्या बायकोसमोर सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. माझं अजून काहीच बोलून झालेलं नाही.”

मगदूमनं गाडीचं दार उघडलं. नारळ मागच्या सीटवर ठेवला. मग मान वर करून त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“ये की. जेवायलाच ये,” तो म्हणाला. “पण आता मीबी बोलणार. माझंही पुष्कळ साठलंय तुझ्याबद्दल.”

“माझ्याबद्दल?” उज्ज्वला जागच्या जागी थबकली. हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. “माझ्याबद्दल तुझं काय साठलंय? मी काय केलं?”

“रविवारी,” म्हणून त्यानं दार ओढून घेतलं आणि गाडी हलली.

“ए बाबगोंडा! अरे, मी काय केलं ते तरी सांगून जा!” ती फाटकापर्यंत पळत गेली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. तो बुधवार होता.